चार चाकांचा दांडा

गुरांची डॉक्टर म्हणून मी पालघर तालुक्यात हिंडायला लागले, तेव्हा एक जुनी जीप घेतली. मासवणच्या पुढच्या पाड्यांवर जायचे रस्ते स्कूटरला झेपत नव्हते. जीप चारही चाकांना जोर देणारी होती, पण वयानं जवळजवळ माझ्या बरोबरीची. डिझेल भरायचं, शनिवारी धुवायची आणि बंद पडली की मिस्त्रीला फोन करायचा, एवढंच मी तिचं करायचे.

एका मार्चमध्ये अडलेल्या गाईसाठी निघाले होते. चढावर रेडिएटरचा पाइप फुटला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. पेटी उचलून मी उरलेली वाट चालत गेले. पोचले तर वासरू उभं राहून आईला ढुसण्या देत होतं. नवराबायकोनं मिळून ते सोडवलं होतं. माझी हकिगत ऐकून बाई पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांचे यजमान म्हणाले, "तुमची गाडी आमच्या गायपेक्षा म्हातारी हाय." मग त्यांनीच बैल जुंपून ती डांबरी रस्त्यापर्यंत ओढून आणली. मीही हसत होते, पण आतून ओशाळले होते. वासरू आडवं असतं तर?

तिथून एका टेम्पोला बांधून जीप सरावलीला आमच्या इमारतीखाली आली. तळमजल्यावर राहणारे काका बाहेर येऊन उभे राहिले. ते मूळचे साताऱ्याकडचे, तारापूरच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून नुकतेच निवृत्त झालेले. रिकामपणात त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तीनतीनदा तेल दिलंय, असं काकूंनी मला सांगितलं होतं.

काकांनी फुटलेला पाइप दोन बोटांनी दाबला.

"ताई, हा आज नाही फुटला," ते म्हणाले. "वर्षभर फुगत होता. कुणी दाबून बघितला नाही."

त्या रविवारी सकाळी ते जुना युनिफॉर्म घालून आले. त्यांनी मला दुरुस्ती शिकवली नाही, बघायला शिकवलं. बेल्टला भेगा आहेत का, बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी आली आहे का, इंजिनचं तेल किती काळवंडलंय. ओढ्यातून गाडी काढली की चाकांमधल्या आसाचं तेल बघायचं. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. मी पोत्यावर उताणी पडून ग्रीस भरत असे आणि ते बाहेरून कुठला सांधा राहिला ते सांगत. काकू चहा घेऊन यायच्या आणि माझ्या केसांतलं ग्रीस पाहून खूश व्हायच्या. त्यांच्या दारांच्या बिजागऱ्या आता काकांच्या तेलातून सुटल्या होत्या.

सगळ्यात हट्टी निघाला तो चार चाकांचा दांडा. पुढच्या चाकांना जोर देणारा हा छोटा दांडा मी कधी वापरलाच नव्हता, त्यामुळे तो गंजून बसला होता. तीन रविवार आम्ही त्याला तेल पाजलं. चौथ्या रविवारी मागच्या मोकळ्या मातीच्या प्लॉटवर जीप हळू पुढेमागे करत मी तो ओढला. 'खट्' असा आवाज झाला आणि पुढची चाकं माती चावत निघाली. काका बाजूने चालत राहिले. मी मात्र उगाचच चार फेऱ्या मारल्या. महिन्यातून एकदा तरी तो टाकायचा, असं त्यांनी बजावलं, आणि तसं मी करत राहिले.

पुढच्या मेमध्ये एका पाड्यावरच्या लग्नाचं आमंत्रण आलं. नवरीच्या बापाच्या शेळ्या मी बऱ्या केल्या होत्या. काका-काकूंनाही घेऊन गेले. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता. ओढा ओलांडला तर पुढच्या चढावर बँजोवाल्यांचा टेम्पो चिखलात रुतलेला. स्पीकरचे खोके, बँजो आणि वाजवणारे सगळे खाली उभे. वर पाड्यावर मंडप, आणि मंडपात अजिबात आवाज नाही. नवरीचे मामा धावत आले. जेवण तयार हाय, पण वाजप नाय तर पोरीला मांडवात कशी आणायची, असं ते काकुळतीनं सांगू लागले.

मी काकांकडे पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "टाका दांडा."

पहिल्या फेरीत स्पीकर गेले, दुसरीत जनरेटर, तिसरीत बँजोवाले आणि लुगड्यांचे काचे मारून टपाला लटकलेल्या दोन आत्याबाई. जीप एकदाही घसरली नाही. तिसऱ्या फेरीला तर बँजोवाल्यांनी गाडीतच वाजवायला सुरुवात केली आणि लोक नाचत चढ उतरून सामोरे आले. नवरी मांडवातून बाहेर डोकावून बघत होती. जेवणानंतर काकू हात धरून नाचणाऱ्या बायकांच्या साखळीत शिरल्या. काका थोडा वेळ लांबून पाहत होते; मग एका म्हाताऱ्यानं त्यांचा हात धरला आणि तेही गेले. पाय चुकत होते, पण थांबत नव्हते.

रविवारी आसाचं तेल काढलं तर चहासारखं दुधाळ. ओढ्याचं पाणी आत शिरलं होतं. माझा चेहरा पडला.

काकांचा मात्र उजळला. "शिरणारच. आता हे सगळं काढून धुवायचं, सील बदलायचं," ते बाह्या सरसावत म्हणाले. "दोन रविवार तरी जातील, ताई."