एकशे पंचवीसवर अडलेली अक्का

अक्कासाठी मुगाची खिचडी घेऊन मी दवाखान्याचा जिना चढत होतो. नर्सनं वाटेतच थांबवलं. डबा अजून गरम होता... अक्का गेली, त्याला दीड महिना झाला. तिच्याबद्दल लिहायला बसलो की एकच अडचण येते. ती ज्याच्यासाठी जगली, ते मला कधी नीट कळलंच नाही.

अक्का माझी थोरली बहीण. मी भवानी पेठेत चादरींचं दुकान चालवतो, ती इथल्याच कॉलेजात फिजिक्स शिकवायची. लग्न केलं नाही. तिची पीएच.डी. सुपरसिमेट्री नावाच्या थिअरीवर होती. "प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असतो. अजून दिसला नाही, पण असणार," ती सांगायची. "मग तुझा कुठाय?" असं मी एकदा विचारलं, तर जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसली.

बाकीच्या कणांना वस्तुमान देणारा हिग्ज कण अखेर सापडला तेव्हा तिनं गल्लीभर पेढे वाटले. मात्र त्याचं वस्तुमान, कणांचं वजन मोजायच्या जीईव्ही या मापात, एकशे पंचवीसच्या आसपास निघालं आणि ती हळूहळू गप्प होत गेली. एका दुपारी दुकानात येऊन बसली. मी कारण विचारलं. म्हणाली, "आमच्या साध्या हिशोबात तो नव्वदच्या आसपास थांबतो. दुरुस्त्या धरल्या की वर सरकतो. पण एकशे पंचवीसपर्यंत न्यायचा, तर बहुतेक वेळा जोडीदार लई जड धरावे लागतात. आणि ते इतके जड असले, तर हिग्ज इतका हलका का, हे सांगायला जी थिअरी मांडली, तिचं ते कारणच लंगडं पडतं."

"म्हणजे चुकली का?"

"तसं ठरलं असतं तर सुटले असते की. एकशे चाळीस आला असता तर साधी थिअरी सरळ मोडली असती. हा आकडा धड मारत नाही, धड जगू देत नाही."

पुढं मोजमाप आणखी नेमकं होत गेलं, आकडा जागचा हलला नाही. जोडीदारही सापडले नाहीत. पण तिला खरं लागलं होतं ते सुवर्णाचं. सुवर्णा अकलूजची, तिची लाडकी विद्यार्थिनी. अक्काच्या मते तिचं ऐकूनच पोरीनं हाच विषय घेतला, पदवी मिळवली, पण नोकरी काही लागली नाही. आता अकलूजला बारावीचे क्लास घेते. "मी पोरीची वर्षं घालवली," अक्का म्हणायची. "बोल की तिच्याशी," मी म्हणायचो. "काय तोंडानं बोलू?"

तेराव्यानंतर सुवर्णा आली. अक्काच्या खोलीत डोळे पुसत बसली.

"मॅडमनी मला दोनदा नको म्हणून सांगितलं होतं, काका. मीच हट्ट केला. त्यांच्यासारखं काही जमलं नाही, म्हणून लाजेनं कधी भेटले नाही."

अक्कानं काय मनात धरलं होतं ते सांगावं, तर ही आणखी रडेल. म्हणून मी विचारलं, "तिचं गणित बरोबर होतं का गं?"

"गणित बरोबर आहे. जग तसं आहे की नाही, ते अजून कुणालाच माहीत नाही."

ती गेली. चहा तसाच राहिला होता.

खोलीत अक्काचा लॅपटॉप चालूच आहे. सकाळी त्यावर टिंग वाजतं, नव्या शोधनिबंधांची यादी येते. त्यातलं एक अक्षर मला कळत नाही, तरी खुर्ची ओढून शेवटच्या ओळीपर्यंत बघतो. लॅपटॉप बंद करत नाही, केला तर परत उघडता येणार नाही... पासवर्ड तिनं कुणालाच सांगितलेला नव्हता.