गिरणीच्या दारात उलटी लावलेली गाडी

माझा देवावर राग होता, हे आधीच सांगून टाकतो. असे अनुभव सांगणारी माणसं बहुतेक मुळातच भाविक असतात. मी तसा नव्हतो, आणि माझ्या बायकोच्या, हिराच्या, कमरेच्या हाडात कॅन्सर उतरल्याचं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून तर माझ्या शेडमधल्या देवाच्या तसबिरीला हार घालायचंही मी सोडून दिलं. ती मात्र अंथरुणातूनच रोज हात जोडायची. औषधांचा उपयोग संपल्यावर तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी तिच्या माहेरचा महादेव आहे, तिथं एकदा न्या, म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून नाही म्हणवेना.

पण न्यायचं कसं? तिला बसता येत नव्हतं. दवाखान्यात नेताना ॲम्ब्युलन्सच्या थरथरीनंसुद्धा ती ओठ चावून रक्त काढायची, आणि डिझेलचा वास आला की उलटी. कोपरगावात माझं टेम्पो-ट्रॉलीच्या बॉड्या बनवायचं शेड आहे. मालाची ने-आण करायला घेतलेला इलेक्ट्रिक पिकअप दारात उभा होता. त्याला ना इंजिनाची थरथर, ना धूर. एके सकाळी त्याच्याकडे बघता बघता मनात आलं, की हिच्यासाठी मागे बंद बॉडी बांधावी आणि आत पलंग करावा.

आठ दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर पत्रा, आतून थर्माकोल, दोन्ही बाजूंना सरकत्या काचा, छताला पंखा. पलंगाखाली मी पिकअपच्याच जुन्या पाट्यांच्या स्प्रिंगा लावल्या आणि वर जाड फोमची गादी टाकली. उशी मागच्या दाराकडे ठेवली, म्हणजे तिला उचलून आत घेणं सोपं, आणि केबिनच्या खिडकीतून पुढचा रस्ताही तिला दिसेल. हे सगळं मी पक्कं वेल्ड करून टाकलं. उसाच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या माणसाचा हात तो, हलकं काम त्याला ठाऊकच नाही.

निघायच्या सकाळी तिला पलंगावर ठेवलं. तिनं पुढे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, “अहो, देवाकडं पाय करून नका ना नेऊ मला. उशी तिकडं घ्या.”

उशी तिकडे नेऊन उपयोग नव्हता. डोकं उंच राहावं म्हणून पलंगाला त्या बाजूला दिलेला चढ मी वेल्ड केलेला होता. कापायचं म्हटलं तर दिवस गेला असता. पण खरं सांगायचं तर दिवसाचं मला काही वाटलं नसतं. माझ्या कामात खोट काढली याचा मला राग आला. मी म्हणालो, “तुझा देव काय लोकांचे पाय बघत बसलाय? त्याला एवढं दिसत असतं तर तुझं दुखणं दिसलं असतं.”

आमची मुलगी वैशाली तिच्याजवळ मागे बसली, आणि आम्ही निघालो.

वाटेत काय झालं ते मला नंतर वैशालीकडून कळलं. संगमनेर मागे पडलं, अकोले मागे पडलं, तरी हिरानं पाय सरळ केले नाहीत. कुशीवर होऊन, गुडघे पोटाशी घेऊन ती पडून राहिली होती. गुडघा वाकवला की कमरेत कळ जायची, तरीसुद्धा. वैशालीनं पाय धरून सरळ करायला बघितले तर म्हणाली, “राहू दे गं. थोडंच राहिलंय.” आणि मी पुढे पंख्याचं बटण चालतंय का, काचा वाजतात का, एवढंच ऐकत गाडी चालवत होतो.

चढ लागला आणि माझा हिशेब चुकला. बॉडीच्या वजनानं बॅटरी भराभर उतरायला लागली. ज्या हॉटेलात चार्जिंग करायचं ठरवलं होतं तिथला पॉइंट बंद निघाला. पुढे जाऊन तरी बघू म्हणत चार-पाच किलोमीटर रेटले, आणि सहा टक्क्यांवर गाडी मरगळली. मंदिर अजून बरंच लांब होतं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांची वजनं सांगत आलो, आणि आपल्या माणसाच्या वेळेला फसलो. मला रडू आलं.

रस्त्याच्या कडेला पिठाची गिरणी चालू होती. पिठानं पांढरी झालेली एक म्हातारी बाहेर आली, तिनं बाजूच्या काचेतून आत पाहिलं, आणि मला काही विचारायच्या आधीच म्हणाली, “हाटेलातला बंद हाय ना? माझ्याकडं मोठा पॉइंट हाय. पर गिरन आन् गाडी दोनी चालू ठिवली तर फ्यूज जातो. थांबा, गिरन बंद करते.”

पाच-सहा बायका डबे घेऊन दळणाला बसल्या होत्या. मी म्हणालो, “अहो, यांचं दळण?”

“त्येंचं दळान उद्या हुईल,” ती म्हणाली. एकाही बाईनं तोंड वाकडं केलं नाही.

गाडी सरळ लावली तर गिरणीचा ओटा आड यायचा आणि वायर पोचायची नाही. म्हातारी म्हणाली, “उलटी लावा.” मी गाडी फिरवली, तोंड आलो त्या रस्त्याकडे केलं, आणि मागं घेत घेत ओट्याच्या कडेला लावली. वारा लागावा म्हणून वैशालीनं मागची दारं उघडली. बाहेर धरणाचं पाणी होतं, आणि पाण्यापलीकडे झाडीत देवळाचं टोक.

आतून वैशालीनं हाक मारली, “बाबा!” मी धावलो. हिरा उताणी झाली होती आणि तिनं दोन्ही पाय लांब सोडले होते. गाडी फिरली तसं तिचं डोकं देवाकडे आलं होतं, पाय कोपरगावाकडे. तेव्हा कुठं वैशालीनं मला सगळं सांगितलं. मी पलंग फिरवायला तयार नव्हतो, म्हणून त्यानं अख्खी गाडीच फिरवली. याहून जास्त मला काही म्हणायचं नाही, आणि कुणाला पटवायचंही नाही.

पण देऊळ तिच्या डोक्यामागे, आणि तिला वळता येईना. म्हातारीच्या ते ध्यानात आलं. तिनं गिरणीतला कुंकू लावायचा आरसा खिळ्यावरून काढला, पदरानं पीठ पुसलं आणि हिराच्या हातात दिला. “ह्याच्यात बघ, माय. म्हादेव दिसंल.”

केस गेल्यापासून घरातले सगळे आरसे आम्ही काढून ठेवले होते. मला वाटलं, आता हिचा धीर सुटणार. तिनं आरसा धरला, आधी स्वतःचाच चेहरा बराच वेळ पाहिला. मग थोडा तिरका केला आणि पुटपुटली, “दिसला.” तिनं आरशालाच हात जोडले, तेव्हा आरसा मी धरला होता.

चार तासांनी गाडी पुढे जाण्याजोगी झाली. मी म्हणालो, “चल, आता पार पायाशी नेतो.” ती म्हणाली, “नको. झालं माझं. आता घरी चला.” पूर्वी मी ऐकलं नसतं. त्या दिवशी ऐकलं. गाडीचं तोंड घराकडे होतंच, आणि जाताना चुकलेला पलंग येताना बरोबर होता. संगमनेरपर्यंत ती पाय पसरून गाढ झोपली. कितीतरी महिन्यांनी तिला अशी झोप लागली होती.

पंधरवड्यानं ती गेली.

देवावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. पण शेडमधल्या तसबिरीला हार असतो. तरुण मुलं डोंगरात मुक्कामाला जायचं म्हणून अशा बॉड्या बांधून मागतात, तेव्हा मी पलंग वेल्ड करत नाही, बोल्टनं कसतो, म्हणजे कुणी सांगितलं तर फिरवता येईल. आपण फार पक्कं करू नये, थोडं त्याच्यावर सोडावं, एवढं मी शिकलो, आणि शिकेपर्यंत तिला वाटभर पाय दुमडून राहावं लागलं. त्याची क्षमा मला तिच्याकडे मागायची राहून गेली.

मध्यंतरी मी एकटाच त्या गिरणीवर गेलो. म्हातारीसाठी नवा आरसा घेऊन गेलो होतो. म्हातारीनं गाडी ओळखली, रिकामा पलंग पाहिला. दारात दळणाला बायका बसल्या होत्या आणि माझी बॅटरी भरलेली होती. तरी तिनं आत जाऊन गिरणी बंद केली, आणि येऊन माझ्याजवळ ओट्यावर बसली.