एकानं बघायचं, बाकीच्यांनी थांबायचं

साहेब भिंतीकडं निघाले होते आणि त्यांना वाटत होतं, आपण फळीवरनं सरळ चाललोय.

मी ओरडलो, "साहेब, थांबा! पाय उचलू नका!" पण त्यांच्या कानांवर हेडफोन. आत वारा घोंगावत होता, त्यात माझा आवाज कुठला ऐकू जातोय. मी धावलो आणि मागनं त्यांचा कमरेचा पट्टा धरला. साहेब थांबले, पण उजवा हात आधीच पुढं गेला होता. तो भिंतीवर आपटला. हातातला कंट्रोलर, म्हणजे खेळायचा रिमोट, फुटून खाली पडला. साहेब मटकन खाली बसले. बाकावर बसलेली त्यांची बायको उठून आली. साहेबांच्या सासूबाईंनी "अगं बाई" केलं. दोन्ही पोरं खो खो हसली.

दसऱ्याचा दिवस होता. हे साहेब पवना धरणाकडच्या एका मोठ्या रिसॉर्टचे मॅनेजर. आमचं दुकान राहणार का जाणार, ते त्यांच्या एका शब्दावर होतं.

दुकान कसलं ते आधी सांगतो. लोणावळ्यात तुंगार्लीच्या रस्त्याला व्हीआर गेमचं दुकान होतं. व्हीआर म्हणजे डोळ्यांवर जाडजूड गॉगल बांधायचा. त्याला हेडसेट म्हणतात. तो बांधला की खोली दिसत नाही, दुसरंच जग दिसतं. वर बघितलं की आभाळ, खाली बघितलं की दरी. उभं असायचं दुकानातल्या फरशीवर, पण वाटायचं पन्नास मजली इमारतीवरनं बाहेर काढलेल्या फळीवर उभे आहोत. भले भले पैलवान त्या फळीवर लटपटताना मी बघितलेत.

माझं काम, गिऱ्हाइकाला गॉगल बांधायचा, काचा पुसायच्या आणि तो खेळत असताना शेजारी उभं राहायचं. त्याला बाहेरचं दिसत नाही, म्हणून त्याच्या वतीनं मी बघायचं. कुणाला गरगरायचं. डोळे म्हणतात आपण पळतोय, पोट म्हणतं आपण उभे आहोत, मग पोट बाहेर यायला बघतं. अशा वेळी बादली पुढं करायची. मालक मला सेफ्टी स्टाफ म्हणायचा.

मी मूळचा भाजे गावचा. चौथी शिकलोय. सगळी उमर जत्रेत पाळणा चालवला. मोटर मी चालवायचो, तिकिटं माझी बायको शेवंता फाडायची. तिच्या आजारपणात पाळणा विकला. ती तरीही गेली. पोरगी चाकणला दिलीय, ती म्हणते ये राहायला. मी जात नाही. पण घरात बसवतही नव्हतं. दोन माणसांच्या घरात एकानं बसायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला कळतं. तेव्हा कुणीतरी सांगितलं, लोणावळ्यात गेमच्या दुकानात माणूस पाहिजे. मी गेलो. मालक तळेगावचा, अमेय नावाचा. इंजिनीअर. चांगली नोकरी सोडून त्यानं हे काढलेलं.

मला बघून म्हणाला, "आबा, हे पोरांचं काम आहे. तुम्हाला जमेल?"

मी म्हणालो, "वर गेलेल्या माणसाला भ्या वाटलं का मजा वाटली, ते मला खालनं कळतं. हितं तर माणूस खालीच हाये."

तो हसला. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर. गावाजवळच्या माळवली स्टेशनावरनं लोकलनं लोणावळा, सकाळी जायचं, अंधार पडल्यावर यायचं. दुकानात दिवसभर आरडाओरडा. मला तो पाहिजेच होता.

पहिला सीझन जोरात गेला. रांग रस्त्यावर. अमेय म्हणायचा, "आबा, बघा तुम्ही. पुढं घरोघरी हेच असणार. टीव्ही जाईल, हे राहील." मला त्याचं पटायचं. पटायचं म्हणजे, पटावंसं वाटायचं.

पुढच्या सीझनला रांग आखडली. आलेला माणूस खूश व्हायचा, बाहेर जाऊन सांगायचा की एकदा बघण्यासारखं आहे. आणि तो खरंच एकदाच बघायचा. त्यात आपल्याकडची हवा. लोणावळ्याला गर्दी पावसात, आणि पावसात काचांवर वाफ धरते. भिजलेली माणसं यायची, डोक्याचं पाणी गॉगलात. मी पुसून पुसून थकायचो. दिवाळीला जागेचा करार संपत होता. अमेय रिसॉर्टच्या मागं लागला होता. त्यांना गेम झोन काढायचा होता. त्यांनी आमचे हेडसेट, अमेय आणि मी, सगळं उचलून तिकडं न्यायचं, असं बोलणं चाललं होतं. फक्त मॅनेजरांनी एकदा स्वतः येऊन बघायचं होतं. अमेयच्या आईनं, माईंनी, दसऱ्याचा मुहूर्त धरला. साहेबांनाही सुट्टी होती. म्हणाले, घरच्यांना घेऊनच येतो.

आता दसऱ्याला आपल्याकडं काय करतात ते सांगायला नको. ज्याच्यावर पोट त्याची पूजा. मी पाळण्याच्या मोटरला हळद-कुंकू लावायचो, हार घालायचो. ट्रकवाला स्टिअरिंगला लावतो, शिंपी मशीनला लावतो. माई सकाळीच तळेगावहून आल्या. हेडसेट टेबलावर ओळीनं मांडले, झेंडूचे हार घातले, आपट्याची पानं ठेवली. मी ताट धरलं. माईंनी बोट तेलात बुडवून कुंकू कालवलं आणि एकेका हेडसेटला पुढच्या बाजूला बोटं ओढली. भक्तीनं, डोळे भरून. अमेयनं नमस्कार केला. मीही केला. दुकान तरू दे, एवढंच मागितलं.

हेडसेटच्या पुढच्या अंगाला वाटाण्याएवढे काळे ठिपके असतात. ते कॅमेरे. यंत्र त्यातनं खोलीची फरशी आणि भिंती बघतं आणि माणूस कुठं उभा आहे ते ठरवतं. माणूस भिंतीजवळ गेला की त्याच्या डोळ्यांपुढं निळी जाळी उभी राहते. जाळी दिसली की मागं फिरायचं. रोज काचा मी पुसायचो, कॅमेरे अमेय पुसायचा. त्या दिवशी सगळं आधीच चकचकीत केलेलं, आणि पूजेनंतर परत पुसायचं कुणाच्या मनातही येत नाही. लावलेलं कुंकू कोण पुसतं?

तर साहेब खाली बसलेले आणि अमेयनं त्यांचा गॉगल उतरवून हातात घेतला. उजेडात धरला. त्याचा चेहरा पडला.

"आई," तो म्हणाला, "तू कॅमेऱ्याला कुंकू लावलंस?"

"कुठला कॅमेरा?"

"हे काय, हे."

"मला काय माहिती ते कॅमेरे आहेत? मला वाटलं शोभेचे खडे आहेत. पुढं दिसलं तिथं लावलं."

"अगं, आंधळं केलंस त्याला!"

"मग त्यानं सांगायचं नाही का? एवढं इंग्रजी बोलतं दिवसभर!"

साहेबांना हसू फुटलं. हात चोळत हसत होते. अमेयनं त्यांना समजावलं, की सगळे कॅमेरे झाकले असते तर यंत्रानं ओरडून सांगितलं असतं. दोनच झाकले आणि तेही अर्धवट, म्हणून ते अंदाजानं चाललं आणि भिंत दीड-दोन हात पुढं आहे असं धरून बसलं. माई कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. तेलातलं कुंकू, पुसलं की पसरायचं. पहिल्याचा कंट्रोलर फुटलेला, म्हणून दुसरा हेडसेट घेतला. तो मी ओल्या फडक्यानं पुसला, मग स्पिरिट लावलं, तेव्हा नीट चालू झाला.

मला वाटलं, गेलं सगळं. पण साहेब दिलदार. म्हणाले, "द्या परत. फळी पूर्ण केल्याशिवाय जाणार नाही." परत गॉगल चढवला, फळी पार केली. मग बाण मारायचा खेळ खेळले. मग गाडी पळवली. घाम येईपर्यंत खेळले. गॉगल काढून म्हणाले, "कमाल आहे, राव."

अमेयनं माझ्याकडं बघितलं. मीही मान हलवली. झालं काम, असं दोघांनाही वाटलं.

साहेब बाकाकडं वळले. थोरला पोरगा रस्त्यावर माकडांना शेंगदाणे टाकत होता. धाकटा आजीच्या मांडीवर झोपलेला. बायको मोबाईलवर.

"कसं वाटलं?" साहेबांनी तिला विचारलं.

"मला काय विचारता? तुम्हीच नाचत होता. आम्ही आपलं बघतोय, बाबा हवेत हात मारतोय."

"तुम्ही पण खेळा ना, मॅडम," अमेय म्हणाला. "पाहिजे तर समोर स्क्रीन लावतो, आत काय चाललंय ते सगळ्यांना दिसेल."

"नको. अंबाड्यावर तो पट्टा बसायचा नाही. आणि परत हे सगळे माझी वाट बघत बसणार. भूक लागलीय, चला आता."

साहेबांनी झोपलेल्या धाकट्याकडं बघितलं. मग अमेयच्या खांद्यावर हात ठेवून त्याला दाराशी घेऊन गेले. मी गॉगल पुसत जवळच होतो, मला सगळं ऐकू आलं.

"मशीन उत्तम आहे," साहेब म्हणाले. "कुंकवाचं मनावर घेऊ नका, ते तर मी पार्टीत सांगणार आहे. पण मी हे घेत नाही."

"का सर? पुढच्या वर्षी हलके हेडसेट येतायत. वाफ धरत नाही, गरगरत नाही—"

"येऊ देत. माझ्याकडं येतात ती माणसं दहा-दहाच्या घोळक्यानं येतात. एकाला गॉगल घातला की नऊ जण बसून राहतात. मी आत्ता तेवढा वेळ माझ्या घरच्यांत नव्हतोच की. त्यांना मी नको झालो आणि मला ते दिसत नव्हते. घरी एकट्या बसणाऱ्या माणसासाठी हे बरं आहे. त्याच्यासाठी टिकेलही. सहलीला आलेल्यांना मी टेबल टेनिस देईन, कॅरम देईन. हरलेला तरी चिडवायला समोर असतो."

अमेय अजून बोलत राहिला. स्पर्धा ठेवू, चौघांना एकाच खेळात घालू. साहेब ऐकून घेत होते, पण त्यांचं ठरलं होतं. आपट्याचं पान देऊन गेले.

माणूस वाईट असता तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. तो बरोबर बोलत होता, ह्याचंच वाईट वाटलं. पाळण्यात वर गेलेला खाली हात करायचा आणि खालचे शिट्ट्या मारायचे. निम्मी मजा फुकटातच व्हायची. आमच्या दुकानात बाहेरच्याला काहीच मिळत नव्हतं. मी दोन सीझन त्या बाकाकडं पाठ करून उभा होतो, कारण गिऱ्हाइकावरनं नजर काढायची नाही, हेच माझं काम.

दिवाळीला दुकान बंद झालं. अमेय हिंजवडीला नोकरीला लागला. वाईट एका गोष्टीचं वाटलं. त्यानं सगळ्यांना कुंकवाचा किस्सा सांगायला सुरुवात केली. लोक हसायचे. माणसांना आपला धंदा नको होता, हे सांगण्यापेक्षा ते सोपं. पण माईंनी ते खरं धरलं.

सामान बांधायला त्या आल्या होत्या. मी म्हणालो, "माई, कुंकवानं काय गेलं न्हाई. साहेब दाराशी बोलले ते मी सोता ऐकलंय."

"तुम्ही चांगले आहात, आबा. माझं मन राखताय."

"मी कुणाचं मन राखत न्हाई. सगळ्या गावाला म्हाईत हाये. शेवंता म्हणायची, ह्यांच्या तोंडाला औषध न्हाई."

त्या हसल्या, पण पटलं नाही. अमेय सांगत होता, यंदा दसऱ्याला माईंनी घरच्या मिक्सरला हात लावला नाही. लांबून फूल ठेवलं.

अमेयनं बाकीचे हेडसेट विकले. ज्याचा एक कंट्रोलर फुटला होता, तो मला दिला. "आबा, हा कुणी घेत नाही. बघण्यापुरता चालतो. घरी एकटे असता, वेळ जाईल."

मी तो बरेच दिवस घरातल्या भिंतीवरच्या फळीवर ठेवला. एकदा दुपारी जेवण झाल्यावर खुर्ची मधोमध घेतली, गॉगल चढवला आणि समुद्र लावला. खोटं का बोलू, झकास होतं. पाणी पायापर्यंत येत होतं. लांबनं एक जहाज आलं. भलं मोठं, पांढरं, दिव्यांच्या माळा लावलेलं. मी म्हणालो, "ते बघ गं," आणि मान वळवली.

गॉगलात मान वळवली की त्या बाजूचंही दिसतं. हीच त्याची करामत. त्या बाजूलाही पाणीच होतं.

मी गॉगल काढला. पुढच्या रविवारी तळेगावला जाऊन अमेयला परत दिला. तो म्हणाला, "काय झालं आबा, बिघडला?"

"न्हाई. बरूबर चालतोय."

अजूनही ओळखीचे लोक विचारतात, आबा, त्या खेळाला पुढं दिवस आहेत का? मी सांगतो, असतील. एकटी माणसं काय कमी होत नाहीत. पण त्यांच्यासाठी सहलीच्या गावात दुकान काढू नये.