शब्बीरच्या बॅगेतली पिन

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, दारू प्यायल्यावरही नाही — आणि दारू प्यायल्यावर मी काय काय बरळतो ते आमच्या अख्ख्या गावाला पाठ आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुमच्याशीही खोटंच बोललो असतो.

आणि एक आधीच बजावून ठेवतो. मध्येच मान हलवून 'होतं हो असं माणसाकडून' म्हणू नका. मला त्या वाक्याची चीड आहे. होत नसतं. करावं लागतं. हात खिशात घालावा लागतो, बाहेर काढावा लागतो, आजूबाजूला बघावं लागतं. मी हे सगळं केलं.

मेहकरपासून एसटीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. माझ्या वावराला लागून शब्बीरचं वावर, मध्ये एकच धुरा, म्हणजे बांध. आम्ही एकाच वर्षी शाळेत बसलो, एकाच वर्षी नापास झालो. दोघांच्याही बापांकडे रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची बंदूक होती, बारा बोअरची एकनळी. बाप गेल्यावर परवाना आमच्या नावावर झाला. आता बंदुकीचा परवाना म्हणजे निवडणुकीत डोक्याला ताप. आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. तिथे एका खोलीत सगळ्या गावच्या बंदुका ज्वारीच्या पेंढ्यांसारख्या उभ्या करून ठेवलेल्या. परत घेताना कोणाचा कुठला भाग कोणाच्या बंदुकीला गेला, देव जाणे. म्हणून आमच्याकडे एक जुनी खोड आहे — जमा करण्याआधी बंदुकीची फायरिंग पिन काढून घ्यायची. काडतुसाच्या बुडाला ठोका मारते ती, बोटाच्या पेराएवढी लोखंडी काडी. ती नसली की बंदूक म्हणजे नुसता दांडका. शिवाय मेहकरच्या एका लेथवाल्यानं आम्हा दोघांना जादा पिना करून दिल्या होत्या, एकाच सळईतून कापून. त्याची कोणती आणि माझी कोणती, हे आम्हालाही सांगता आलं नसतं.

हे नीट लक्षात ठेवा. मी याचाच फायदा घेतला.

त्या वर्षी निकाल लागून महिना झाला होता. बंदुका घरी आल्या होत्या, पण वावर रिकामं, डुकरं येऊन खाणार काय? म्हणून माझी पिन, त्या लेथवाल्याकडचीच एक, मी बसवलीच नव्हती. तेलकट चिंधीत गुंडाळलेली ती माझ्या बंडीच्या आतल्या खिशात पडली होती, तंबाखूच्या पुडीखाली. त्याच बंडीत मी अभ्यास दौऱ्याला निघालो.

आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या गटानं दौरा काढला होता, दक्षिणेत कुठेतरी मसाल्याची पिकं बघायला. जाताना विमान. आम्हा सगळ्यांचं पहिलंच. बाकीचे निघाले होते फुकटात विमानात बसायला मिळतं म्हणून, मीही त्यातलाच. शब्बीरचं वेगळं होतं. त्याला त्याच्या आईला उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, घेऊन जायचं होतं. चाचीचं वय झालं होतं, गुडघे गेले होते, पासपोर्ट काढून ट्रंकेत ठेवला होता, आणि तिचा एकच हट्ट — गेले तर पोरासोबतच जाईन, परक्या लोकांच्या टोळीत नाही. आणि या शब्बीरला विमानतळाची धास्ती. कुठे उभं राहायचं, कुठे कागद दाखवायचा, म्हातारीला घेऊन आपण चुकलो तर? म्हणून तो दौऱ्यात आला होता, शिकायला. बसमध्ये त्यानं ते सगळ्यांना सांगितलं, आणि सगळे त्याला खेटून बसले, त्याची मस्करी करत, हसत. मी मागच्या सीटवर एकटा होतो. माझ्याशेजारी कोणी बसत नाही. मी तुसडा माणूस आहे, हे मला ठाऊक आहे, पण ठाऊक असलं म्हणून झोंबायचं थांबतं का?

त्याच्यावर माझा राग होता का? होता. कशाचा? त्याचा मका माझ्यापेक्षा बरा यायचा याचा. मोटर चालू ठेवून लग्नाला निघून जाणारा विसरभोळा माणूस, तरी लोक त्याच्यावर जीव टाकायचे याचा. पण याला कारण म्हणू नका. एवढा राग तर माझा माझ्या बैलावरही असतो.

विमानतळावर दौऱ्याच्या प्रमुखानं आम्हाला एका बाजूला उभं केलं आणि ओरडून सांगितलं — चाकू, विळा, माचिस, लायटर, जे असेल ते आत्ताच काढा. समोर पाटीवर चित्रं होती. त्यात बंदूक होती, काडतूस होतं, आणि खाली हिंदीत लिहिलं होतं की शस्त्राचा कुठलाही भाग हातातल्या सामानात चालणार नाही. मी ते वाचलं. मला वाचता येतं. आमच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याचा अडकित्ता काढून घेतला, तो बिचारा लेकरासारखा रडायला आला. मी हसलो. हसत हसत तंबाखूची पुडी टाकून द्यायला बंडीत हात घातला, आणि बोटांना चिंधी लागली.

कचऱ्याचा डबा चार पावलांवर होता. तिथे मी पुडी टाकली. पिनही टाकता आली असती. रांगेतल्या जवानाला हाक मारून सांगता आलं असतं — साहेब, ही चुकून राहिली, हा परवाना. परवान्याची झेरॉक्स माझ्या पाकिटात होती, हेही ऐकून ठेवा. पुढे मला कळलं की आपणहून सांगितलं असतं तर पिन ठेवून घेतली असती, चार कागद लिहिले असते, फार तर विमान चुकलं असतं. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं की मी पकडला जाणार, सगळ्यांसमोर, आणि कोणालाही वाईट वाटणार नाही.

शब्बीर माझ्या पुढे होता. कमरेचा पट्टा काढायला त्यानं बॅग माझ्या हातात दिली. "धर जरा," म्हणाला. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्याची चेन तुटकी होती. ठाण्यात बंदूक जमा करायला जाताना तो हीच बॅग घेऊन आला होता, मी सोबत होतो. हे सगळं माझ्या डोक्यात त्या वेळी आलं का? आलं. क्रमानं आलं. हात घाईत चालला असेल, पण डोकं शांत होतं. चिंधी कप्प्यात टाकली आणि बॅग परत केली.

यंत्रानं बॅग पकडली. जवानानं कप्प्यात हात घालून चिंधी उलगडली, पिन ट्रेमध्ये ठेवली आणि विचारलं, बॅग कोणाची? शब्बीर पट्टा हातात धरून बावळटासारखा बघत राहिला. जवानानं मला विचारलं. मी म्हणालो, "त्याची आहे." खरंच होतं ते.

आता मला वाटलं होतं की हा ओरडेल, नाही म्हणेल, माझ्याकडे बघेल. मी त्याची तयारीही केली होती, तोंडात शब्द जुळवले होते. आणि या माणसानं काय करावं? कपाळावर हात मारून घेतला. "माहीच हाय साहेब. ठाण्यात गेलो होतो ना, तवाची राह्यली असन. इसरलो मी." त्यानं माझी पिन आपली म्हणून ओळखली. कॅमेरे होते हो, वर चारी बाजूंना होते. पण माणूस स्वतःच कबूल करतोय म्हटल्यावर कॅमेरा कोण बघणार?

त्याला नाव विचारलं. त्यानं सांगितलं. रांगेत माझ्या मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "वाटलंच होतं मले." आमच्यातलाच तो, दोन तासांपूर्वी शब्बीरच्या मांडीवर थाप मारून हसत होता. मी वळून त्याला थोबाडलं नाही. मला तर त्याचा आधार वाटला. मी कप्पा निवडला तेव्हा हेही मोजलं होतं — की याचं नाव ऐकल्यावर कोणी फार प्रश्न विचारणार नाही. हे सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. सांगून झालं.

त्याला बाजूला नेलं. विमान निघालं. त्याची खिडकीची जागा रिकामी होती, तिथे मी बसलो. आणि मला मजा आली. खाली ढग बघून मी हसलो, चहा मागितला. तुम्हाला वाटत असेल मी चार दिवस जेवलो नसेन. चांगलं जेवलो.

तो परत आला तेव्हा त्याच्यावर हत्याराच्या कायद्याखाली गुन्हा नोंदला होता. मला भेटायला आधी तोच आला. दौरा बिघडवला म्हणून माझी समजूत काढायला! आणि मग म्हणाला, "सांग ना बे, इमानात कसं असते? कान दुखते काय? म्हातारीले जमन काय?" मी त्याला सगळं सांगितलं. पट्टा कसा लावायचा, उलटी आली तर पिशवी कुठे असते. तो मन लावून ऐकत होता.

पुढचं तुम्हाला समजलं असेल, तरी सांगतो, कारण टाळलं तर तेही लपवणंच होईल. त्याचा परवाना रद्द झाला, बंदूक कायमची गेली. डुकरं धुऱ्यापर्यंत यायची आणि जादा पिन बसवलेली माझी बंदूक वाजली की त्याच्या मक्यात घुसायची. तारखांना तो विमानतळाच्या त्या शहरात जायचा, सकाळची एसटी धरून, भाकरी बांधून. हे सगळं त्यानं निभावलं. पण केस चालू म्हणून त्याचा पासपोर्ट अडकला. आणि चाची दुसऱ्या कोणासोबत जाईना. घरच्यांनी समजावलं, मशिदीतल्या मोठ्या माणसांनी समजावलं. नाही म्हणजे नाही. पोराची केस सुटेल, मग जाऊ.

ती अंथरुणाला खिळल्यावर तिनं मला बोलावून घेतलं. शब्बीर तारखेला गेला होता, म्हणूनच बोलावलं असावं. खोलीत आम्ही दोघंच. तिनं माझा हात धरला. "वसंता, तू होता ना तिथं. माह्या पोरानं खरंच इसरून ठेवलं होतं काय रे? तो म्हनते हाव. मले नाई पटत. तू सांगशीन तर मानतो मी."

बघा, किती सोपं होतं. दार लोटलेलं. ऐकणारी एक मरायला टेकलेली म्हातारी. तिनं फार तर मला शिव्या घातल्या असत्या, आणि आपला पोरगा बावळट नव्हता एवढं समजून गेली असती. तेवढंच हवं होतं तिला. मक्का तर आता तीही मागत नव्हती.

मी म्हणालो, "हाव चाची. इसरला तो."

तिनं हात सोडला. आठवड्यानं गेली. मी खांदा दिला, मूठभर माती टाकली, आणि शब्बीर माझ्या गळ्यात पडून रडला.

केस मागच्या वर्षी सुटली. पिन जाणूनबुजून जवळ बाळगली नव्हती, असं कोर्टानं म्हटलं. बरोबरच म्हटलं. पासपोर्ट झाला, आणि यंदा तो निघाला, एकटा, आईच्या नावानं उमरा करायला. निघण्याआधी घरोघर जाऊन लोकांची माफी मागायची त्यांच्यात रीत आहे — कळत नकळत काही बोललो असेन, दुखावलं असेल, तर मनात ठेवू नका, म्हणून. सकाळी तो माझ्या ओट्यावर आला. मी कुंपणाच्या काट्या तासत बसलो होतो. तो उभाच राहिला, हात जोडून.

"वसंता, तुह्याशी तं लय कमीजास्त झालं असन. त्या दौऱ्यात तुह्याही तोंडाले काळं फासलं मी. म्हातारी गेली तवा तूच होता जवळ. कहासुना माफ करजो भाऊ."

आतून बायको चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. तो माझ्याकडे बघत होता. त्याला उत्तर हवं होतं, त्याशिवाय तो पुढच्या घरी जाणार नव्हता.

मी कोयता खाली ठेवला, उठलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो —

"जाय बे. केलं माफ."