डाव्या चाकामागची पिन

जुनी गाडी दुरुस्त करायला घेतली की सुटे भाग मिळत नाहीत, किस्से मात्र मागाल तितके मिळतात. दोन वर्षांत आमच्याकडे इतके साठलेत की आप्पा म्हणतो, "डॉक्टर, किश्शांवर इंजिन चाललं असतं तर आपण कवाच दिल्लीला पोचलो असतो."

मी तो डॉक्टर नव्हे. पदार्थविज्ञानात पीएच.डी. केली आणि परळीत पस्तीस वर्षं कॉलेजात शिकवलं. गल्लीतले लोक आजही ताप आला की आधी माझ्याकडे येतात. थर्मामीटर कसा चालतो तेवढं मी सांगू शकतो. त्यापुढे माझा उपयोग नाही.

आप्पा म्हणजे शिवलिंगआप्पा, शाळेपासूनचा मित्र. बाजारात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिसरे गफूरमिस्त्री, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. आणि या सगळ्यांवर आप्पाची बायको, महानंदावहिनी. काम त्यांच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चालतं. वहिनींचा एकच कायदा आहे: घरात किंवा दुकानात असलेली वस्तू बाहेरून विकत आणायची नाही. त्यामुळे आमच्या गाडीच्या सीटमध्ये वहिनींच्या जुन्या गाद्यांचा कापूस आहे आणि आरशाच्या जागी दाढीचा आरसा.

गाडी मात्र विलायती. दोन सीटांची, बिनटपाची, लाल स्पोर्ट्सकार! थर्मलची, म्हणजे इथल्या कोळशावरच्या वीजकेंद्राची, उभारणी चालू असताना आलेला एक परदेशी इंजिनिअर जाताना ती आप्पाला विकून गेला. तेव्हा आप्पाचे वडील त्याच्याशी सहा महिने बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच विचारलं, "हिच्यात पोती किती बसतात?"

*

पुढचं सांगितल्याशिवाय बाकीचे किस्से कळणार नाहीत, म्हणून सांगतो. नाहीतर सांगितलं नसतं.

चाळीसएक वर्षांपूर्वी एकदा आप्पा आणि मी याच परसात गाडीचं पुढचं डावं चाक खोललं होतं. चाकामागे स्टिअरिंगचा दांडा जोडलेला असतो, त्याला टायरॉड म्हणतात. त्याचा नट आवळायचा आणि तो फिरून सैल होऊ नये म्हणून त्याच्या भोकातून एक लहानशी पिन घालून तिची टोकं दुमडायची. नट सैल झाला की चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. नट आप्पाने आवळला. पिन घालणं माझं काम होतं. तेवढ्यात वहिनींनी आतून हाक मारली, पोहे झालेत म्हणून.

पोह्यांवर ओलं खोबरं होतं हे मला आठवतं. साबणाने हात धुतले ते आठवतं. पिन घातल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा एकटाच अंबाजोगाईला निघाला आणि घाटातल्या वळणावर गाडी रस्ता सोडून खाली गेली. जीव वाचला. डावा पाय गुडघ्यात कायमचा ताठ झाला. गाडी ट्रॅक्टरने ओढून आणली, शेडमध्ये ढकलली आणि वर ताडपत्री टाकली. डावा मडगार्ड आत दाबला जाऊन चाकावर बसला होता. त्याच्यामागे काय आहे ते कुणी पाहिलं नाही.

दवाखान्यात आप्पा म्हणाला, म्हैस आडवी आली. नंतर कधीतरी सांगताना गाय झाली. एका लग्नात तर मी स्वतः ऐकलं, मेंढरांचा कळप होता. मी दुरुस्त करायला गेलो नाही. मला म्हैस हवी होती.

दोन वर्षांपूर्वी आप्पाने ताडपत्री ओढली आणि म्हणाला, "मरायच्या आधी एकदा त्याच घाटातून जायचं. माझ्या पायानं क्लच दबत न्हाई. चालवायचं तू, मी बाजूला बसतो."

मी हो म्हणालो. घरी येऊन रक्तदाबाची गोळी घेतली. पिन तिथे असेल तर चाळीस वर्षं मी उगाच झुरलो. नसेल, तर त्या पायाचा धनी मी.

*

मी सुचवलं, इंजिनपासून सुरुवात करू. शास्त्रीय कारणंही दिली. खरं कारण असं की इंजिन मडगार्डपासून लांब होतं.

ते सुरू व्हायला सात महिने लागले. कोणत्या सिलिंडरला कोणत्या क्रमाने ठिणगी पोचली पाहिजे हे मी वहीत काढलं, तीन वेळा तपासलं आणि त्याप्रमाणे वायरी जोडल्या. गफूरमिस्त्रींनी चावी फिरवली. असा धडाका झाला की शेजारच्या पत्र्यावरची कबुतरं संध्याकाळपर्यंत परतली नाहीत आणि समोरच्या किराणावाल्याने शटर ओढून घेतलं!

मी वही पुन्हा तपासली. आकडे बरोबर होते. दुसऱ्यांदा तसाच धडाका झाला. इथे चूक झाली तर मी कुठेही चूक केली असू शकते, हा विचार काही केल्या जाईना.

मिस्त्रींनी वही घेतली, डोळ्यांजवळ धरली, मग माझ्याकडे पाहिलं. "सर, किताब बराबर हाय. तुमी उलट्या बाजूनं उभे हायेत."

एक नंबरचा सिलिंडर मी मागून मोजला होता! वायरी उलट लावल्या तशी गाडी तिसऱ्या फेरीला धुराचा लोट सोडत सुरू झाली. आप्पाने ताठ पायावर जागच्या जागी एक गिरकी घेतली. मी वहीत सगळ्या पानांवर वरच्या कोपऱ्यात लिहिलं: उभं कुठे राहायचं?

*

नंतर मी मिस्त्रींना एक पद्धत घालून दिली. माझ्यासारख्याला आठवणीवर सोडून चालत नाही, हे मला एव्हाना कळलं होतं. नट पूर्ण आवळला की लगेच त्यावर लाल ठिपका द्यायचा. ठिपका असेल तर काम झालं, नसेल तर बाकी. ठिपक्यासाठी रंगाचा डबा फोडायला आप्पा तयार नव्हता. मग देवघरातलं कुंकू खोबरेल तेलात कालवून एका वाटीत ठेवलं.

मागची दोन्ही चाकं, ब्रेक, पुढचं उजवं चाक, सगळं अर्ध्यावर आलं होतं. काही ठिपके लागले होते, काही लागायचे होते. आणि मध्ये खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. आप्पा दुकानात तराजू आणि मापं पुजत होता, मिस्त्री शेतावर गेले होते. मी दुपारी शेडमध्ये आलो तर गाडीला झेंडूचा हार, पान्यांवर फुलं, समोर नारळ. आणि एकूण एक नटावर लाल ठिपका!

मी तिथेच स्टुलावर बसलो. कोणता आवळलेला आणि कोणता नुसता बोटाने फिरवून ठेवलेला, काही कळायला मार्ग उरला नव्हता. शिवाय वाटी तीच, कुंकू तेच, तेल तेच.

वहिनींना विचारलं तर त्यांनाच वाईट वाटलं. म्हणाल्या, "अहो, काहींना लावलेलं दिसलं, काहींना न्हाई. मला वाटलं तुमी पूजा अर्धी सोडून गेलात."

पुढचे नऊ दिवस आम्ही प्रत्येक नट पुन्हा पान्याने तपासला. तीन सैल निघाले, त्यांतला एक ब्रेकचा. त्या रात्री मला झोप लागली नाही. मिस्त्री मात्र त्या ब्रेकच्या नटाला बराच वेळ न्याहाळत होते. शेवटी म्हणाले, "ह्याला दोन डाव कुंकू लावा. लई नशीबवान हाय."

*

डावा मडगार्ड सोडून बाकी रंगाचं काम फवारणीच्या पंपाने केलं. दुकानात होता, मग दुसरा आणायचा कशाला?

मी वाऱ्याची दिशा चार दिवस टिपली. पाचव्या दिवशी सकाळी वारा थर्मलकडून नसेल असा निष्कर्ष काढला आणि आप्पाला हिरवा झेंडा दाखवला. नऊपर्यंत गाडी अशी लाल झाली की गल्लीतली माणसं बघायला उभी राहिली. सव्वानऊला वारा फिरला.

परळीत राहणाऱ्याला राखेचं कौतुक नाही. ती दोरीवरच्या कपड्यांवर असते, पापडांवर असते, चहावरही असते. पण ओल्या रंगावर ती उतरताना मी प्रथमच पाहिली. दहा मिनिटांत गाडीवरून हात फिरवला तर काचकागदासारखी लागायला लागली.

मी आप्पाची माफी मागितली. एकदा मागितल्यावर थांबता येईना. म्हणालो, माझा हिशेब नेहमीच चुकतो, मी कशाचीच खात्री देऊ शकत नाही, घाटाचं राहू दे. आणि मग तोंडातून निघून गेलं, "आप्पा, त्या दिवशी चाक बसवताना..."

"म्हैस होती," आप्पा म्हणाला. पंपाची नळी धूत होता, वर पाहिलं नाही.

"आप्पा, मी काय म्हणतोय..."

"काळी म्हैस. कितींदा सांगू बे तुला?" मग गाडीवरून तळहात फिरवत म्हणाला, "आन् हे बरंच झालं. मांजर चढलं तर घसरायचं न्हाई."

*

आता फक्त मडगार्ड उरला. मी कंबरदुखी पुढे केली, मग नातीचं लग्न, मग दुसऱ्यांदा कंबर. खरं तर मडगार्ड न काढताही जमिनीवर आडवं होऊन खालून हात घातला असता तर जोडापर्यंत पोचला असता. चाळीस वर्षांत मी तो घातला नव्हता. शेवटी गफूरमिस्त्रींनी वार ठरवला. सोमवारी काढायचा.

रविवारी सकाळी मला राहवलं नाही. म्हटलं, एकट्यानेच बघून घ्यावं, जे असेल ते एकट्याला कळू दे. शेडचं दार ढकललं.

गाडी जॅकवर होती. खालून एक पाय बाहेर आलेला. ताठ. हलत नव्हता.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, वहिनी स्वयंपाकघरातून तशाच कणकेच्या हातांनी धावत आल्या. तेवढ्यात गाडीखालून आवाज आला, "ओरडू नको बे. माझा पाय असाच असतोय."

त्याला ओढून बाहेर काढलं. बहात्तर वर्षांचा माणूस, पाठ मातीने भरलेली, कोपर सोललेलं, हातांना रॉकेलचा वास. मी संतापलो होतो. जॅक सरकला असता तर? खाली कशाला शिरलास?

"मांजर व्याली का ते बघत होतो."

"कुठली मांजर? तुमच्याकडे मांजर नाही."

"म्हणूनच तर बघत होतो."

वहिनींनी कणकेच्या हातांनीच त्याच्या पाठीवरची माती झटकली. माझी गाडीखाली बघण्याची हिंमत त्या ओरडण्यातच संपली होती. मी घरी गेलो.

*

सोमवारी मिस्त्री पहार घेऊन आले. मी शेडच्या दारात उभा राहिलो, आतही नाही आणि बाहेरही नाही. आप्पा स्टुलावर बसला होता, पाय समोर पसरून.

मडगार्ड सहज निघाला नाही. गंजलेला पत्रा किंचाळत होता. प्रत्येक झटक्याला मला वाटायचं, थांबा म्हणावं. म्हटलं नाही. अखेर तो सुटला आणि चाळीस वर्षांची माती, चिमण्यांचा काडीकचरा आणि कसलंसं जुनं पान एकदम खाली पडलं.

मिस्त्रींनी चाक उतरवलं, फडकं फिरवलं, बॅटरी लावली. बराच वेळ वाकून बघत राहिले. मग मला म्हणाले, "सर, या. तुमीच बघा."

मी गेलो. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. टायरॉड गंजून तपकिरी झाला होता. नट गंजला होता, त्याच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. आणि त्याच्या भोकात पिन होती. दोन्ही टोकं व्यवस्थित दुमडलेली. आजूबाजूच्या सगळ्या गंजात ती एकटी पांढरीशुभ्र चमकत होती, आप्पाच्या दुकानातल्या काचेच्या बरणीत असतात तशी.

मी आप्पाकडे पाहिलं. तो सोललेल्या कोपरावरची खपली बघत होता.

मिस्त्रींनी पिनवरून अंगठा फिरवला, तो अंगठा पाहिला, फडक्याला पुसला. मग पिशवीत हात घालून विचारलं, "मालक, एवढं खोललंच हाय तर पिन नवी टाकू का?"

"कशाला?" आप्पा म्हणाला. "चाळीस वर्षं टिकलीय. चांगली हाय की."