मूडणच्या अंगाला

साताऱ्यात आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. कुणी वाट विचारली, की ते त्याला खांद्याला धरून उगवतीकडं वळवतात. "म्होरं ती पूर्व, उजव्या हाताला दक्षिण. पूर्व म्हंजे म्होरली, दक्षिण म्हंजे उजवी, नावंच तशी पडल्यात."

यंदा विजापूरकडची सून त्यांच्या घरात आली. ती कुणाशी बोलेना. सुभेदारांनी तिला विचारलं, "तुमच्या कानडीत उगवतीला काय म्हणत्यात?"

"मूडण," ती हळूच म्हणाली. "मूडू म्हणजे उगवणं."

तेव्हापासून सुभेदार येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "गिरणी व्हय? मूडणच्या अंगाला." माणूस भलतीकडंच चालू लागतो. मग सून हसत बाहेर येते आणि नीट वाट सांगते.

मी म्हटलं, "सुभेदार, लोक चुकतात."

"चुकू द्या की. तेवढीच सूनबाई बोलती."