पंक्चरवाल्याची शेवटची खेप

समदने खेळ सोडल्याची बातमी मला उसाच्या रांगेत कळली. ढोकीच्या कारखान्यासमोर हंगामभर ट्रॅक्टरांची रांग असते. ट्रॉली भरून आली की नंबर लागतो आणि काट्यावर वजन होईपर्यंत चालकाला वाट बघण्यावाचून काम नसते. मी रोज सकाळी त्या रस्त्याने फिरायला जातो. त्या दिवशी एकाही ट्रॅक्टरवर गाणे वाजत नव्हते. माणसे तिघे-चौघे मिळून एकेका मोबाइलवर वाकली होती. मला वाटले, कुठे अपघात झाला.

"गुरुजी, तुमच्या समदनं खेळ सोडला," उत्तरेश्वर म्हणाला. हा परंड्याकडचा चालक, आवाजाने दांडगा. पण आज त्याला बोलणे जड जात होते.

"सत्ताविसाव्या वर्षी रिटायर!" मागून कोणी तरी म्हणाले. "हितं हणमंतप्पा सत्तरीला टेकलं, त्यांना कुणी रिटायर करंना."

"मला रिटायर केल्यावर तुमाला रस्ता कोण दावंल रे?" लोहाऱ्याचे हणमंतप्पा म्हणाले. कोणी हसले नाही. तेही नाहीत.

समद हा फकरुद्दीनचा मुलगा. फकरुद्दीनचे पंक्चरचे दुकान याच रस्त्यावर आहे. समद माझ्या वर्गात होता. बोलायचा कमी, पण मैदानावर मुले कबड्डी खेळत असली, की कोण कुठून निसटणार हे कडेला उभा राहून आधीच पुटपुटायचा आणि बहुतेक तसेच घडायचे. शाळा सुटली की तो दुकानात टायर उतरवायला मदत करी आणि उरलेल्या वेळात वडिलांच्या मोबाइलवर तो लढाईचा खेळ खेळत बसे. चार जणांचे पथक बेटावर उतरते, मैदान हळूहळू आकसत जाते आणि शेवटपर्यंत टिकेल ते पथक जिंकते. चाकाची वाट बघणारे चालक त्याच्या खांद्यावरून डोकावू लागले. हे त्याचे पहिले प्रेक्षक. खेळात टोपणनाव घ्यावे लागते. त्याने 'पंक्चरवाला' असे घेतले. फकरुद्दीन तेव्हा रागावला होता.

पुढे पुण्यातल्या एका संघाने समदला नेले. मोठमोठ्या सभागृहांत समालोचक 'पंक्चरवाला, पंक्चरवाला' म्हणून घसा फोडू लागले. या खेळात बाविशीतच पोरांची बोटे थकतात म्हणे. हा त्यानंतरही वर्षानुवर्षे टिकला. इतका, की त्याच्यासोबत खेळणारी पोरे त्याचा खेळ बघतच मोठी झालेली होती.

उत्तरेश्वरने मोबाइल माझ्या हातात दिला. समदचा निरोपाचा व्हिडिओ अगदी लहान होता. "आता डोकं पुढं जातं, बोटं मागं राहतात. इतकी वर्षं बघितलंत. शुक्रिया." बस, एवढेच. पण त्याच्याखाली लोकांनी लिहिलेले मी वाचू लागलो आणि थांबता येईना. कोणी इंफाळचा, कोणी कोचीचा. सीमेवरच्या एका जवानाने लिहिले होते, की सुट्टी नामंजूर झाली तेव्हा तुझा खेळ बघून दिवस काढले. बारावीत नापास झालेल्या एका मुलीने लिहिले होते, की हरल्यावर उठायचे कसे ते तुमच्याकडे बघून कळले. एकाने नुसतेच विचारले होते, 'आता शनिवारी काय करायचं?' मी बोटाने वर सरकवत राहिलो, संपेचना. ढोकीच्या रस्त्यावर ग्रीसने हात काळे झालेला तो पोरगा एवढ्या माणसांच्या घरांत जाऊन बसला होता, आणि मला पत्ता नव्हता.

त्यांतच बोचणारीही वाक्ये होती. 'म्हातारा झाला.' 'याच्यामुळे कप गेला.' कारण शेवटचा सामना. त्यात समदच्या संघाचा नवखा मुलगा घायाळ होऊन मागे पडला होता. या खेळात घायाळ साथीदाराला वेळेत गाठले, तर उठवता येते. समद सुरक्षित जागी होता. तिथेच थांबता, तर कप बहुधा त्यांचाच होता. तो मागे वळला, वाटेत मारला गेला आणि सामना हातचा गेला.

दुसऱ्या दिवशी फकरुद्दीन माझ्याकडे आला. "सर, तुमी तरी बोला त्याच्याशी. गावाकडं आल्यापासून घराभाईर पडला न्हाय. समोर दुकान, मधी नुसता रस्ता. तेवढा बी ओलांडत न्हाय. पुण्यात पोरांना खेळ शिकवायचं काम मिळालंय म्हन्तो. जातो म्हन्तो, ईदला बी येणार न्हाय म्हन्तो."

रमजान सुरू होता. समद आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता.

"सर, बाकीचे काय लिहितात त्याचं काही नाही," तो म्हणाला. "पण ही रांगेतली माणसं... ऊस वाळत असताना माझा खेळ बघायची. पहिल्यापासून माझ्याच बाजूची. त्यांना मी हरून दाखवलं. त्यांच्या समोरून कसं जाऊ?"

मी काही समजावले नाही. मला त्या खेळातले कळत नव्हते आणि त्याला ते ठाऊक होते.

चार दिवसांनी पट्टा पडायचा होता, म्हणजे गाळप थांबायचे होते. हंगामाची शेवटची खेप सजवून कारखान्यावर न्यायची इथली रीत आहे. ट्रॅक्टरला केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, पुढे हलगी आणि गुलाल. या वर्षी ती खेप सरळ कारखान्यावर न जाता पंक्चरच्या दुकानासमोर थांबली. पुढे समदच्या फोटोचे बॅनर होते. बॅनरवाल्याकडे निवृत्तीचा एकच मजकूर तयार असावा: 'प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्त होत असलेले आमचे मार्गदर्शक समदभाई यांचे उर्वरित आयुष्य निरोगी जावो.'

समोरच्या घराच्या दारापाशी येताना हणमंतप्पांनी बिडी विझवून खिशात टाकली. उत्तरेश्वरने पेढ्यांचा पुडा समदच्या आईकडे, गुलबानोकडे दिला. "भाबी, हे रोजा सुटल्यावर खावा. अन् आपल्या रिटायर म्हाताऱ्याला भाईर काढा."

समद उंबऱ्यात आला. उत्तरेश्वरच्या हातातला हार बघून मागे सरकला.

"काका, हार कशाला? मी हरलो. माझ्यामुळंच कप गेला."

"बघितलंय आमी," उत्तरेश्वर म्हणाला.

"बघितलंय, तरी?"

"गेल्या महिन्यात माजी ट्रॉली ओढ्यात फसली," हणमंतप्पा म्हणाले. "ह्यो उत्तरेश्वर रांगंत पुढं होता. नंबर सोडून टोचनाचा दोर घिऊन वढायला आला. नंबर गेला अन् ट्रॉली बी निघाली न्हाय त्या दिशी. मग, नावं ठिवली का त्याला कुणी?"

"ठिवली की. शेजारच्या टोळीनं," उत्तरेश्वर म्हणाला.

"गप रे. त्यांचं सोड." हणमंतप्पा समदकडे वळले. "तू वळलास तवा आमी रांगंत ओरडलो, पोरा. ट्रॅक्टरवाल्याचा पोरगा न्हवं, तरी वळला म्हनून."

"पण पोचलो नाही, काका."

"न्हाय पोचलास. चल आता, ऊस वाळतोय."

समदने चपला पायात घातल्या आणि रस्ता ओलांडला. गळ्यात हार घालून त्याला चालकाशेजारी मडगार्डवर बसवले. हलगी सुरू झाली. मी आणि फकरुद्दीन मागून चालत होतो. रांगेतले ट्रॅक्टर जसजसे जवळ आले, तसतशी त्यांच्यावरची माणसे आपापल्या जागी उठून उभी राहू लागली. कोणी सांगितले नव्हते. परंड्याचे, लोहाऱ्याचे, कुठले कुठले. कोणी घोषणा देत नव्हते. उन्हाने करपलेले ते चेहरे नुसते त्याच्याकडे बघत होते. मी असे काही आयुष्यात पाहिले नव्हते. समद मान वर करत नव्हता.

रांगेच्या मध्यावर बिराप्पा नावाचा एक तरुण चालक उभा होता. मिरवणूक समोर येताच त्याला राहवले नाही.

"समदभाई! डावीकडनं गेला असता तर पोचला असता!"

"गप की!" उत्तरेश्वर खेकसला.

पण समदने मान वर केली. "डावीकडं दोघं होते."

"एकच होता."

"दोघं! दुसरा दगडामागं. तुला दिसला नाही."

"आमी धा येळा बघितलंय, भाई. एकच."

"थांबव," समद चालकाला म्हणाला. ट्रॅक्टर पुरता थांबण्याआधीच तो गळ्यातल्या हारासकट खाली उतरला. "मोबाइल काढ. सामना लाव. दाखवतो तुला."

दोघे रस्त्याकडेला वाकून बसले. त्यांच्याभोवती आणखी चालक गोळा झाले. सजवलेला ट्रॅक्टर सत्कारमूर्तीशिवायच पुढे सरकू लागला, आणि वरून उत्तरेश्वर ओरडत होता, "आरं ए, मिरवणूक कुणाची हाय? नवरदेव कुठं उतरला?"

"हा बघ, दगड. आता थांब... हा बघ दुसरा," समदचा आवाज गर्दीतून आला. पाठोपाठ बिराप्पाचा, "आयला, खरंच की!" आणि मग सगळे एकदम बोलू लागले.

फकरुद्दीन माझ्या बाजूला उभा होता. दुकान उघडे टाकून आला होता. तिकडे कोणी तरी हाका मारत होते. तो हलला नाही.

"सर," तो म्हणाला, "मला बी दिसतोय का बघू, तो दुसरा." आणि गर्दीत शिरला.